‘हो’वर विश्वास नसलेल्या बाई

ज्या बाईंबद्दल हे लिहितो आहे, त्यांना पहिल्या भेटीत मी चोर समजलो आणि त्यांच्या जामिनाची तयारी सुरू केली.

दोष सगळाच माझा होता असं मी म्हणणार नाही. थोडा खुर्चीचाही होता. ज्याला वकील परवडत नाही त्याला सरकार फुकट वकील देतं, आणि तो फुकट वकील कधी कधी मी असतो. चाकणकडच्या एका पोलीस ठाण्यातून फोन आला, कंपनीतल्या चोरीत अटक आहे, येऊन भेटा. बाई की बुवा हे विचारायचं माझ्या डोक्यात आलं नाही. गेलो. व्हरांड्यात दोघं होते. तिशीचा एक माणूस खुर्चीवर ताठ बसून बशीतून चहा पीत होता. इस्त्रीचा शर्ट, पाणी लावून पाडलेला भांग. आणि त्याच्या पायाशी, फरशीवर, साठी उलटलेली एक बाई मांडी घालून बसलेली. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, आणि साडीवर कंपनीतले लोक घालतात तसलं, चमकत्या पट्ट्यांचं पोपटी जाकीट. चेहरा असा, की आत्ताच कुणाला तरी चावून आली असावी. आता तुम्हीच सांगा, यातला आरोपी कोण?

मी तिच्यासमोर उकिडवा बसलो. "घाबरू नका, मावशी. पहिलीच वेळ का?"

"छे. कित्येक वर्षं करतेय."

मी इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "हे कोर्टात बोलू नका."

"का? लाज कसली त्यात?"

"कुणी करायला लावतं का तुम्हाला?"

"लावणार कोण? मी आपणहून येते. हाकललं तरी येते."

सराईत दिसते, मी मनात म्हटलं. "घरी कोण असतं?"

"मुलगी आहे. तिला हे आवडत नाही."

"मग सोडून का देत नाही?"

"सुटत नाही," बाई म्हणाल्या, आणि मला त्यांची खरोखर दया आली. मी कागद काढला. आरोपी स्त्री आहे, वयस्कर आहे, असे मुद्दे लिहिले. गुडघे दुखतात का विचारलं. दुखतात म्हणाल्या. तेही लिहिलं.

कागद खिशात घातल्यावर बाईंनी खुर्चीकडे बोट केलं. "आरोपी हा. मी याच्याबरोबर बसायला आलेय. फुकटातला वकील आरोपीशी काय बोलतो ते बघायचं होतं, म्हणून तुम्हाला अडवलं नाही. गुडघे विचारलेत, मुलगी विचारलीत. काय केलं, ते मात्र एकदाही विचारलं नाहीत."

टेबलामागे एक म्हातारे हवालदार इतके हसले, की त्यांना टोपी काढून ठेवावी लागली.

खुर्चीचं असं होतं, की ठाण्यात आरोपी जमिनीवर बसतो आणि विचारणारे खुर्चीत. बाई आल्या की आधी हे उलटं करत. मिळेल ती खुर्ची ओढायची, आरोपीला तिच्यावर बसवायचं, आपण खाली. "मान वर करून उत्तर द्यायला लागलं की माणूस हो म्हणतो," असं त्यांचं म्हणणं. एकदा एक इन्स्पेक्टर जेवून परत आले, तर त्यांच्याच खुर्चीत एक मुकाबहिरा आरोपी आणि खाली बाई. इन्स्पेक्टर उभेच राहिले म्हणे. बाई म्हणाल्या, "बसा ना, फरशी पुसलेली आहे."

बाई चिंचवडच्या एका शाळेतून निवृत्त झालेल्या. ज्यांचं वय वाढतं पण समज मागे राहते, अशा मुलांची शाळा. त्यांना आता ‘विशेष मुलं’ म्हणतात. बाईंना तो शब्द खपत नसे. "विशेष कसले? दिवाळी अंक आहेत का ते?" शाळा सुटली, पण बाई सुटल्या नाहीत. पिंपरीपासून चाकणपर्यंत कुठल्याही ठाण्यात असा कमी समजेचा माणूस, नाहीतर गावाकडून नुकता आलेला आणि भीतीनं वाचा बसलेला कुणी आणला, की बाईंची स्कूटी दारात. त्यांना कोण कळवतं, हा आमच्या वकिलांच्या खोलीतला मोठा चर्चेचा विषय होता.

बाईंचा विश्वास कशावरच नसे. नाशिक रस्त्यावरच्या कंटेनरवाल्यांवर नव्हता, म्हणून ते जाकीट. ते कोर्टातही उतरत नसे. "इथली माणसं कंटेनरपेक्षा बरी आहेत असं कोण म्हणतं?" नातेवाइकांवर नव्हता. "मी त्याचा हितचिंतक" म्हणत कुणी पुढे आला की त्याचं आधार कार्ड मागत. ओरडणाऱ्या पोलिसाला त्या घाबरत नसत. "ओरडणारा परवडला हो. ‘बाळा’ म्हणणारा आला की सावध व्हायचं." आरोपीनं चहा बशीतूनच प्यायचा, हा त्यांचा दंडक. बशीत चहा निवेस्तोवर वेळ जातो, आणि वेळ घालवणं हे आरोपीचं पहिलं काम.

पण त्यांचा सगळ्यात कमी विश्वास ‘हो’ या शब्दावर होता. तो का, हे मला त्याच दिवशी कळलं, आणि नेहमीप्रमाणे उलट्या बाजूनं कळलं.

खुर्चीतल्या माणसाचं नाव बालाजी. मूळचा लातूरकडचा, मोशीला बहिणीजवळ राहणारा. बहीण सुमन एका कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायची आणि हा ठेकेदारातर्फे एका कंपनीत झाडू मारायचा. मागच्या गेटापाशी तांब्याच्या वायरच्या भंगाराचं पोतं खांद्यावर घेऊन उभा असताना रखवालदारानं त्याला धरला होता. पलीकडे एक टेंपो उभा होता. तो निघून गेला. बालाजी निघून गेला नाही.

सुमन दाराशी पदर चावत उभी होती. "सायेब, त्याला कळत न्हाई हो. पानी आन म्हनलं की आनतो. बस म्हनलं की बसतो, उठ म्हनूस्तर बसूनच ऱ्हातो."

मी आता योग्य माणसासमोर बसलो. "बालाजी, पोतं तू घेतलंस ना?"

"हो."

"चूक झाली ना?"

"हो."

"पुन्हा नाही ना करणार?"

"हो."

त्या शेवटच्या उत्तरावर खरं तर मी थांबायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात एक फार हुशार कल्पना आली होती. मी बाईंना बाजूला घेतलं. "हे बघा, पहिलाच गुन्हा, माल थोडका, आणि तोही परत मिळालेला. नव्या कायद्यात अशा चोरीला समाजसेवेची शिक्षा देता येते. वेळ आली की कबूल करून टाकू. चौकात चार दिवस झाडू मारायला लावतील. तो झाडूच मारतो की! शिक्षा झालेली त्याला कळणारसुद्धा नाही."

बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जसं आपण चपलेच्या तळव्याकडे बघतो. "पण त्यानं चोरी केलेली नाही."

"त्यानं आत्ता माझ्यासमोर हो म्हटलं!"

बाई वळल्या आणि तितक्याच प्रेमळ आवाजात म्हणाल्या, "बालाजी, चाकणच्या विमानतळावर विमान तूच चालवतोस ना?"

"हो," बालाजी म्हणाला.

चाकणला विमानतळ होणार, होणार म्हणता म्हणता आमची एक पिढी म्हातारी झाली. झालेला नाही. तिथं विमान चालवणारा एकमेव माणूस माझ्यासमोर खुर्चीत बसून बशी चाटत होता.

दुसऱ्या दिवशी कोर्टात मी उभा राहिलो आणि खिशातून कागद काढून वाचायला लागलो. "आरोपी स्त्री असून वयस्कर आहे, तिला गुडघ्यांचा..." न्यायाधीशबाईंनी आरोपीच्या पिंजऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी कागद घाईघाईनं खिशात कोंबला. पोलिसांना बालाजीची काही दिवसांची कोठडी मिळाली. बाहेर आल्यावर बाई एकच वाक्य बोलल्या. "माझे गुडघे तरी सुटले असते."

हसण्यासारखं होतं, पण पुढचं हसण्यासारखं नव्हतं. तपासाचे साहेब ओरडणारे नव्हते. बालाजीच्या खांद्यावर हात ठेवून ‘बाळा’ म्हणणारे होते. भोसरीतल्या एका वर्कशॉपमधल्या मोटारी तूच नेल्यास ना, बाळा? हो. आणि तळवड्याच्या गोडाऊनचं कुलूप? हो. म्हाताऱ्या हवालदारांनी हे आम्हाला हळूच सांगितलं. "वकीलसाहेब, आमच्याकडं जेवढी कुलपं फुटल्यात, तेवढी समदी ह्योच फोडणार असं दिसतंय. आनखी चार दिस मिळाले तर मागची जुनी बी ह्याच्या अंगावर बसत्याल."

म्हणजे पुन्हा कोर्टापुढे नेतील तेव्हा पोलीस कोठडी वाढली, तर बालाजी आयुष्यभराचा चोर. नाकारली गेली, तर वाचण्याची आशा. सगळं त्या एका तारखेवर आलं.

ते हवालदार मावळातले, निवृत्तीला टेकलेले. त्यांच्यावरही बाईंचा विश्वास नव्हता. एका दुपारी त्यांनी बालाजीसाठी वडापाव आणला. बाईंनी तो मध्येच हातात घेतला, हुंगला, आणि हवालदारांपुढे धरला. "आधी तुम्ही खा."

हवालदारांनी मुकाट्यानं एक घास घेतला. चावून झाल्यावर म्हणाले, "बाई, माझा धाकला भाऊ बी असाच हाय. आईमागं मीच त्याला भरवतो. म्हणून आणला."

 बाईंनी वडापाव बालाजीला दिला, त्याच्यातला एक तुकडा मोडून स्वतःच्या तोंडात टाकला आणि बराच वेळ चघळत राहिल्या. "तिखट आहे," शेवटी म्हणाल्या. बाईंची माफी अशी असायची. पदरात पाडून घ्यावी लागे.

इकडे वकिलांच्या खोलीत माझी जी शोभा व्हायची ती झालीच होती. "काय राव, गुडघ्यांचा जामीन झाला का?" वगैरे. त्यातच एका ज्येष्ठ मित्रानं कानात विष ओतलं. "भावा, ती बाई फुकट एवढी उन्हातान्हात हिंडते? कुणाची तरी दलाल असणार. केस पकडायची, कुणा बड्या वकिलाकडं वळवायची. नाहीतर पोलिसांचीच असेल. नाहीतर नगरसेवकाच्या तिकिटावर डोळा." मी विचार केला, आणि मला ते तिन्ही एकदम पटलं. कारण खरंच, फुकट कोण काय करतं? मी स्वतः फुकट वकील होतो, पण ते माझं चालत नव्हतं म्हणून.

मग मी बाईंचा पाठलाग केला. हो, केला. कोर्टातून बाई निघाल्या, मी माझी गाडी काढली. नाशिक फाट्यापासून मोशीपर्यंत मी त्यांच्या मागे, सुरक्षित अंतरावर, हेल्मेट घालून, स्वतःला मोठा गुप्तहेर समजत. बाई मंडईपाशी थांबल्या. मटार घेतले. पुढे निघाल्या. मीही. मग एका बसथांब्याच्या आडोशाला त्यांची स्कूटी दिसेनाशी झाली. मी गाडी हळू केली, आणि जाकीट एकदम समोर आलं.

"वकीलसाहेब, इंडिकेटर बंद करा. नाशिक फाट्यापासून चालू आहे."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "तुम्ही कुणाच्या?" मी सरळ विचारलं.

"म्हणजे?"

"कुणासाठी करता हे?"

बाईंनी मटाराची पिशवी हँडलला अडकवली. "माझ्या वर्गात एक मुलगा होता. मोठा झाला, वॉशिंग सेंटरला गाड्या पुसायला लागला. मोटारसायकलच्या चोरीत धरला. त्याला सायकलसुद्धा येत नव्हती. साहेबांनी विचारलं, तू नेलीस ना? तो म्हणाला, हो. आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याचं बोलणंच बंद झालेलं." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "मोठ्या माणसानं विचारलं की नीट बसायचं, डोळ्यांत बघायचं आणि हो म्हणायचं, हे त्याला कुणी शिकवलं असेल? मी. सगळ्यांना मीच शिकवलं. शाळेला त्याबद्दल ढाली मिळाल्यात."

रस्त्यावरून कंपनीच्या बसेस जात होत्या. मी इंडिकेटर बंद केला.

एवढं ऐकून माणसानं शहाणं व्हावं. पण संशय हा गोचिडासारखा असतो. अंग काढून घेतलं तरी तोंड आत राहतं. बाईंचं मी निम्मं मानलं. तारखेला काय करायचं ते माझं ठरलं होतं. बाईंनी ठाण्यात जे केलं तेच मी कोर्टात करणार होतो. न्यायाधीशांसमोर बालाजीला विमानाचं विचारायचं, तो हो म्हणणार, आणि त्या एका ‘हो’बरोबर भोसरी, तळवडे, सगळं उडून जाणार. हे मी बाईंना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाल्या असत्या, युक्ती माझी आहे. आणि त्यांनीही, मी पोलिसांना फितूर होईन या भीतीनं, त्यांची तयारी मला सांगितली नाही.

तारखेला म्हातारे हवालदारच बालाजीला घेऊन आले. आमचा पुकारा व्हायला वेळ होता. मी आत जाऊन माझं वाक्य घोकत बसलो. कोर्टाच्या आवारात लिंबाखाली बाई बालाजीला बाकावर बसवून स्वतः खाली बसल्या होत्या आणि काहीतरी शिकवत होत्या. मी खिडकीतून पाहिलं आणि म्हटलं, बसू दे, कुठं काय बिघडतंय.

पुकारा झाला. सरकारी वकील उठले. आरोपी आणखी गुन्ह्यांची कबुली देत आहे, कोठडी वाढवून मिळावी. मी उभा राहिलो. त्या दिवशी माझा आवाज मला स्वतःलाच आवडला होता.

"मॅडम, हा माणूस कुठल्याही प्रश्नाला हो म्हणतो. त्याच्या कबुलीला काही अर्थ नाही. मी आत्ता आपल्यासमोर दाखवतो." मी पिंजऱ्याकडे वळलो. "बालाजी, चाकणच्या विमानतळावर विमान तूच चालवतोस ना?"

टायपिंग करणारा थांबला. बालाजीनं आधी बाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"न्हाई," तो ठणठणीत आवाजात म्हणाला.

"नीट आठव, बालाजी."

"न्हाई."

"बरं, तू या शहराचा महापौर आहेस ना?"

"न्हाई."

सरकारी वकील वाकून म्हणाले, "आरोपीला सगळं व्यवस्थित समजतं, हे माझ्या विद्वान मित्रांनी सिद्ध करून दिलं. मी आभारी आहे."

मी मागे बघितलं. बाई कपाळाला हात लावून बसल्या होत्या. सकाळभर लिंबाखाली त्या त्याला ‘न्हाई’ म्हणायला शिकवत होत्या. आणि घोटून घेण्यासाठी त्यांनी प्रश्न कुठला निवडला असेल? तोच. विमानाचा. तिथे आमच्या दोघांपैकी एक जरी दुसऱ्यावर विश्वास ठेवणारा असता, तरी बालाजीचं भलं झालं असतं.

न्यायाधीशबाई पुढे झुकल्या. "बालाजी, चोरी केलीस का?"

"न्हाई."

"पोलिसांनी मारलं का?"

"न्हाई."

"तुला बहीण आहे का?"

"न्हाई."

मागच्या बाकावर सुमननं "अगं माय!" म्हणून हंबरडाच फोडला. न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. त्यांना काहीतरी कळलं होतं, मला अजून कळायचं होतं.

"कोणी शिकवलं हे तुला?"

"बाईनं," बालाजी खुशीत म्हणाला. त्याला वाटलं, शाबासकी मिळणार.

"पढवलेला आहे, मॅडम!" सरकारी वकील उठले. मी खुर्चीची पाठ धरली. कोठडी वाढली, असं मला दिसतच होतं.

तेवढ्यात पोपटी जाकीट उभं राहिलं. "मी शिकवलं, मॅडम. मला बाहेर काढायचं असेल तर काढा, पण आधी ऐका. काल याला ‘हो’ येत होतं, आज ‘नाही’ येतं. दोन्ही त्याची नाहीत. पहिलं पोलिसांनी घेतलं, दुसरं मी दिलं. त्याचं स्वतःचं हवं असेल, तर त्याला बसायला द्या, आणि शेवटी ‘ना’ लावून काही विचारू नका."

कोर्टाला असं कुणी सांगत नाही.  न्यायाधीशबाईंचा चेहरा तापला होता. बाईंना बसायला सांगितलं ते जरा कडकच. मग शिपायाला म्हणाल्या, "एक खुर्ची द्या त्याला."

बालाजी बसला. ताठ, ठाण्यात बसला होता तसा.

"त्या दिवशी सकाळी तू उठलास. मग काय केलंस?"

 सरकारी वकिलांनी घड्याळ पाहिलं. मग बालाजी बोलायला लागला. "तोंड धुतलं. अक्कानं भाकर देली. बसमधी बसलो. खिडकी भेटली न्हाई."

"मग?"

"झाडलं. लई झाडलं. मग ठेकेदाराचा दादा आला. म्हनला, बालाजी, हे पोतं टेंपोत टाक. मी म्हनलं, हो."

"मग?"

"जड होतं."

"मग?"

"शिट्टी वाजली. दादा टेंपोत बसून पळाला."

"आणि तू?"

"मी हुबाच होतो."

"का रे?"

बालाजीला तो प्रश्नच विचित्र वाटला. "त्यानं पळ म्हनलं न्हाई."

कोठडी नाकारली गेली. जातमुचलक्यावर, म्हणजे त्याच्याच हमीवर, बालाजीला सोडलं, आणि यापुढची चौकशी बाई शेजारी बसल्या असतील तरच करायची, असा हुकूम झाला. टायपिंग करणाऱ्यानं विचारलं, "मॅडम, शेजारी की खाली?" तेवढ्यावरून हशा झाला. माझ्या युक्तिवादाचा उल्लेख हुकुमात कुठंही नाही. मी शोधला.

आता बाई रावेतला मुलीकडे असतात, चौदाव्या मजल्यावर. गुडघ्यांनी शेवटी राजीनामा दिला. लिफ्टवर त्यांचा विश्वास नाही आणि जिन्याला गुडघे नाहीत, म्हणून त्या वरच. ठाण्यांमधून आता मला फोन येतो. मी गेलो की आधी खुर्ची ओढतो आणि खाली बसतो. नवीन पोलीस मला आरोपी समजतात. समजू देत, मीही एकीला तसं समजलो होतो, ते तेवढं फिटायचंच होतं.

परवा मी बालाजीला आणि सुमनला घेऊन रावेतला गेलो. कारण महत्त्वाचं होतं. ठेकेदाराचा तो माणूस, ‘दादा’, सापडला, खटला त्याच्यावर उभा राहिला, आणि बालाजी आरोपी न राहता साक्षीदार झाला. आता साक्षीत समोरचा वकील याला उलटे प्रश्न विचारणार, प्रत्येकाच्या शेवटी गोड ‘ना’ लावून. एक ‘हो’ चुकीच्या जागी पडला, की पोतं पुन्हा बालाजीच्या खांद्यावर. गेले काही आठवडे मी त्याच्याबरोबर बसत होतो, बाईंच्या पद्धतीनं. काही शिकवायचं नाही, फक्त "मग काय झालं?" विचारायचं. पण तो टिकेल का, हे सांगण्याइतका माझा माझ्यावर विश्वास नव्हता. बाईंनी परीक्षा घ्यावी, असं ठरलं.

दाराच्या साखळीआडून बाईंनी आधी माझ्याकडे, मग माझ्या मागे बघितलं. "एकटेच आहात ना तुम्ही तिघं?" मग साखळी काढली. बाल्कनीत खिळ्याला पोपटी जाकीट लटकत होतं. सुमननं शेंगदाण्याची चटणी आणली होती, तीही बाईंनी आधी तिलाच चाखायला लावली. सुमननं हसत हसत चाखली.

बालाजीला खुर्ची दिली. बाईंना आता खाली बसता येत नाही, म्हणून त्यांनी मला खाली बसवलं आणि स्वतः पलंगाच्या कडेवर टेकल्या. आवाज मात्र त्यांनी साहेबांचा काढला, ‘बाळा’ म्हणणारा.

"बाळा, पोतं तू उचललंस ना?"

"हो."

"आत काय आहे ते तुला ठाऊक होतं ना?"

बालाजी थांबला. सुमनची बोटं पदरात अडकली.

"न्हाई."

"दादानं तुला पैसे देईन म्हटलं होतं ना?"

"न्हाई. टाक म्हनला."

"पण तुला बहीण नाहीये ना, बाळा?"

"हाय की," बालाजीनं बोट दाखवलं. "ही काय."

सुमननं तोंड फिरवून डोळे पुसले.  बाईंच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच असं काहीतरी पाहिलं, ज्याला विश्वास म्हणायची माझी हिंमत नाही. बाल्कनीकडे बघून म्हणाल्या, "जाकीट घेऊन जा जाताना. कंटेनर अजून आहेत." मग पुन्हा बालाजीकडे वळल्या. आवाजात आता साखरेचा पाकच होता.

"आणि बाळा, हे आपले वकीलसाहेब फार हुशार आहेत ना?"

प्रश्न सोपा होता. शेवटी ‘ना’ होता, विचारणाऱ्या बाई होत्या, आणि समोर, जमिनीवर, मी होतो. मी नकळत कॉलर नीट केली. बालाजीनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत सावकाश बघितलं. कुणी शिकवलेलं नव्हतं, घाई नव्हती, भीती नव्हती. विचार करून तो म्हणाला,

"न्हाई. त्यांनी कोर्टात मला इमानाचं इचारलं."